मेंदूतील गाठ आणि मनावरील भार : रुग्ण व त्यांच्या सोबत्यांच्या मनःस्थितीविषयी



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसमवेत एखाद्या आजाराविषयी माहितीपर लेख देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. हे काम बहुधा डॉक्टर मंडळींकडे असते. यंदाचा विषय मात्र त्यांनीच माझ्याकडे सोपविला. मेंदूतील गाठीच्या रुग्णांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नातलगांना जो मानसिक क्लेश सोसावा लागतो, त्याचे दर्शन शस्त्रक्रियागृहापेक्षा कार्यालयाच्या खिडकीशी अधिक घडते, असे त्यांचे म्हणणे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राचा मला अधिकार नाही. सबब, पुढे येणारे वैद्यकीय विवेचन आमच्या तज्ज्ञांकडून समजून घेतलेले व त्यांच्या नजरेखालून गेलेले आहे. मते मात्र माझी आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. मेंदूतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मेंदूच्या आवरणातून उद्भवणारी मेनिंजिओमा नावाची गाठ बहुतांशी सौम्य असते व सावकाश वाढते. मेंदूतील आधारपेशींपासून होणाऱ्या गाठींना ग्लायोमा म्हणतात. त्यांतील ग्लायोब्लास्टोमा हा प्रकार अत्यंत आक्रमक आहे. याखेरीज फुप्फुस, स्तन इत्यादी अवयवांतील कर्करोग मेंदूत पसरूनही गाठी होतात. तथापि ‘सौम्य’ या शब्दाने नातलगांची अनेकदा फसगत होते. कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. तीत जागा मोजकी. साधी गाठही वाढू लागली की मेंदूवर दाब आणते, आणि तो दाब ज्या भागावर येतो त्या भागाचे काम बिघडते. “डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, मग हे असे का वागतात?” हा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतो.

गाठ कोठे आहे, यावर बरेच अवलंबून

पोटाचा वा हाडाचा आजार झालेला मनुष्य दुःखी होतो, घाबरतो. पण तो मनुष्य तोच राहतो. मेंदूच्या आजारात ज्या इंद्रियाने दुःख जाणावयाचे, तेच इंद्रिय आजारी पडलेले असते. या रुग्णांच्या मनोव्यथेचे वेगळेपण येथे आहे, आणि घरच्या मंडळींना हे समजावून सांगणे हेच समुपदेशनाचे अर्धे काम होय.

कपाळामागील भागास अग्रखंड म्हणतात. नियोजन, संयम, पुढाकार ही त्याची कामे. तेथे गाठ असलेला रुग्ण दोन अगदी विरुद्ध प्रकारे बदलू शकतो. एखादा संयम गमावतो, चारचौघांत भलते बोलतो, क्षुल्लक कारणावरून अंगावर धावतो. दुसरा इतका निरिच्छ होतो की, ताट समोर ठेवले तरी हात पुढे करीत नाही, आणि मुलीचे लग्न ठरल्याची बातमी ऐकूनही चेहऱ्यावर रेषा उमटत नाही. एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नीने आमच्या समाजसेविकेस सांगितले, “ताई, हे रागावायचे तेव्हा बरं होतं हो. आता मला पाहून यांना काहीच वाटत नाही.” त्या बाईंना वाटत होते की चाळीस वर्षांच्या संसाराचा हा हिशेब निघाला. ही निरिच्छता आजाराचे लक्षण आहे, प्रेम आटल्याचा पुरावा नव्हे, हे त्यांना एम.आर.आय.ची फिल्म प्रकाशासमोर धरून दाखवावे लागले. शब्दांनी जे पटले नव्हते ते त्या पांढऱ्या डागाने पटले.

बहुतेकांच्या मेंदूत भाषेची केंद्रे डाव्या बाजूस असतात. तेथे गाठ असल्यास रुग्णास समजते सारे, पण हवा तो शब्द सापडत नाही. किंवा तो अस्खलित बोलतो आणि त्या बोलण्यास अर्थ नसतो. पहिल्या प्रकारच्या रुग्णाची तगमग पाहवत नाही. घरचे लोक भल्या हेतूने त्याचे वाक्य पुरे करून टाकतात आणि तो अधिकच चिडतो. अशा वेळी थांबावे, ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, चित्रे दाखवावीत. उजव्या बाजूच्या मागील भागात बिघाड झाला असता आणखी एक विलक्षण गोष्ट घडू शकते. डावा हात लुळा पडलेला असूनही “मला काही झालेले नाही” असे रुग्ण ठामपणे सांगतो. नातलग याला हट्ट किंवा सोंग समजतात. वस्तुतः आपल्या व्यंगाची जाणीव करून देणारी यंत्रणाच निकामी झालेली असते. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. पडू नये म्हणून खाटेला कठडा लावणे एवढेच आपल्या हाती.

उलट बाजूने होणारी गल्लतही ध्यानात घ्यावी. जॉर्ज गर्श्विन हे अमेरिकेचे विख्यात संगीतकार. १९३७ साली त्यांना डोकेदुखी सुरू झाली, जळक्या रबराचा वास नसताना येऊ लागला, वागणे विचित्र झाले. हे सारे मानसिक ताणाचे परिणाम समजले गेले. मेंदूतील गाठीचे निदान झाले तेव्हा फार उशीर झालेला होता. तातडीची शस्त्रक्रिया होऊनही ११ जुलै १९३७ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या काळी आजच्यासारखी चित्रणयंत्रे नव्हती. आज ती तालुक्याच्या गावापासून फार लांब नाहीत, तरी ‘बाहेरची बाधा’ म्हणून देवऋषाकडे काही महिने घालविल्यावर आलेली कुटुंबे आम्ही पाहतो. पहाटे वाढणारी डोकेदुखी, उलट्या, प्रौढ वयात प्रथमच आलेला झटका किंवा स्वभावात अकारण पडलेला फरक यांपैकी काहीही दिसल्यास आधी तपासणी करून घ्यावी. श्रद्धेला आमची हरकत नाही; ती तपासणीनंतरही चालू ठेवता येते.

औषधांचा वाटा

गाठीभोवतीची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. डोकेदुखी एक-दोन दिवसांत ओसरते व घरात आनंद होतो. मग रुग्णाची झोप उडते, भूक अनावर होते, चेहरा सुजतो, साखर वाढते. कधी उगाचच उत्साह तर कधी रडू. फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटाम या औषधानेही काही रुग्णांत चिडचिड व आक्रमकता वाढते. हे घरच्यांना आधी सांगितलेले असेल तर ते सोसतात. सांगितलेले नसेल तर घर दुभंगते. यांपैकी कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. स्टिरॉइड एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते आणि फिटचे औषध थांबविल्यास झटके परत येतात. वर्तनात पडलेला फरक तारखेसह वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावा. मात्रा कमी करणे, स्टिरॉइड सकाळच्या वेळी देणे किंवा औषध बदलणे हे उपाय त्यांच्याजवळ असतात.

किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे चालतात. त्या वेळी डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट जाळीचा मुखवटा बसवितात. वेदना नसतात, पण कित्येकांचा जीव घुसमटतो. मुखवटा आधी हाताळावयास दिला, आतल्या माणसाशी बाहेरून बोलत राहिले, की बहुतेकांची भीती कमी होते. नंतर येणारा थकवा मात्र विश्रांतीने सहजासहजी जात नाही. त्याला आळस म्हणू नये.

या थकव्यामुळेच नैराश्य ओळखणे कठीण होते. झोप न येणे, अन्नावरची वासना उडणे, गळून जाणे ही नैराश्याची लक्षणे खरी. पण ती गाठीची व औषधांचीही आहेत. म्हणून तज्ज्ञ अन्य गोष्टी पाहतात. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत, म्हणजे नातवात, क्रिकेटच्या सामन्यात, सायंकाळच्या भजनात, थोडा तरी जीव रमतो काय? आपण सर्वांवर ओझे झालो, असे रुग्ण पुनःपुन्हा म्हणतो काय? असे दोन आठवडे सतत चालले असेल तर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मरणाची इच्छा बोलून दाखविल्यास मात्र एक दिवसही थांबू नये आणि रुग्णास एकटे सोडू नये. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, तेथे मराठीत बोलता येते.

मनाचा भार मोजण्याची एक साधी पद्धत आहे. अमेरिकेतील डॉ. जिमी हॉलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ती मांडली. कागदावर तापमापकाचे चित्र, त्यावर ० ते १० आकडे; ‘गेल्या आठवड्यात तुम्हांला किती त्रास झाला’ त्या आकड्याला खूण करावयाची. ४ वा त्याहून अधिक आकडा आल्यास पुढील चौकशी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. मला ही पद्धत आवडण्याचे कारण असे की, ‘मन उदास आहे का’ या प्रश्नाला आपल्याकडील पुरुष ‘छे, छे’ म्हणतो. पण तोच पुरुष निमूटपणे ७ वर खूण करतो.

‘किती दिवस?’ आणि मध्यक नावाचा आकडा

येथे माझ्या विषयाशी संबंध येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ग्लायोब्लास्टोमाचे निदान झाल्यावर घरातील शिकलेला मुलगा त्याच रात्री मोबाईलवर शोध घेतो आणि ‘चौदा महिने’ एवढे वाचून सकाळी सुन्न चेहऱ्याने खिडकीशी उभा राहतो. हा आकडा आला कोठून? २००५ साली ५७३ रुग्णांवरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. किरणोपचारास टेमोझोलोमाइड या गोळीची जोड दिली असता रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्यक १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला, असे त्यात आढळले. आता, मध्यक म्हणजे मुदत नव्हे. शंभर माणसे एका रांगेत उभी केली तर मधल्या माणसापाशी जो आकडा येतो तो मध्यक. निम्मी त्याच्या अलीकडे, निम्मी पलीकडे. आणि पलीकडची रांग कोठवर जाते हे मध्यकावरून मुळीच कळत नाही. त्याच अभ्यासात दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले होते. आजार भयंकर आहे, हे यामुळे खोटे ठरत नाही. पण चौदा महिन्यांची हुंडी कोणी लिहून दिलेली नाही, हेही तितकेच खरे. शिवाय २०२१ च्या जागतिक वर्गीकरणानुसार गाठीचा प्रकार ठरविताना तिची जनुकीय लक्षणेही पाहतात, आणि दोन रुग्णांच्या अहवालावरील नावे सारखी दिसली तरी त्यांची वाटचाल सारखी नसते. तेव्हा आकडा वाचावयाचाच तर डॉक्टरांसमोर बसून वाचावा.

रुग्णास सांगावे की नाही, हा दुसरा प्रश्न. “बाबांना काही सांगू नका, साहेब” असे आर्जव करणारी मुले वाईट नसतात. आपल्या घराघरांतून प्रेमाची रीतच तशी आहे. परंतु बाबा बहुधा ओळखून असतात, आणि ‘मुलांना कळू नये’ म्हणून तेही गप्प राहतात. दोन्ही बाजूंनी चाललेल्या या लपंडावात एकमेकांशी बोलावयाचे दिवस निघून जातात. या आजारात तर त्याची किंमत फार मोठी, कारण पुढे वाचा व विचारशक्ती राहीलच असे नाही. बँकेचे नामनिर्देशन, मृत्युपत्र, उपचार कोठवर करावेत याविषयीची इच्छा, कोणाची राहिलेली माफी, हे सारे रुग्णाचे भान शाबूत असतानाच व्हावयास हवे. एकदम सर्व सांगावे असे नाही. “तुम्हांला किती जाणून घ्यायला आवडेल?” असे डॉक्टरांनी रुग्णासच विचारावे व तो म्हणेल तेवढे सांगावे, ही पद्धत आम्हांस मानवली आहे.

सोबतीला बसलेला माणूस

रुग्णाची नोंद आमच्याकडे होते. सोबत्याची होत नाही. त्याला नोंदणी क्रमांक नाही, खाट नाही, पथ्याचे जेवण नाही. बहुधा ती पत्नी असते, सून असते, आई असते. रात्री झटका येईल या धास्तीने ती जागी असते. दिवसा औषधांच्या वेळा, विमा, रजेचे अर्ज. एखाद्या वाहनचालकाला फिट येऊ लागली की त्याला वाहन चालविता येत नाही, आणि घरातील मिळकत थांबते ती त्याच दिवसापासून. शिवाय या बाईला आपल्या नवऱ्याचा शोक तो जिवंत असतानाच करावा लागतो. समोर बसलेला माणूस तोच आहे आणि तो नाहीही. हे कोणास सांगावे? सांगितले तर लोक म्हणतात, ‘अगं, अजून आहेत ना ते!’ भेटीस येणारी नातेवाईक मंडळी तासभर रुग्णाची चौकशी करतात. तिला ‘तू जेवलीस का’ असे विचारणारा विरळा. उलट एका बाईस तिच्याच सासरच्यांनी ‘हिच्या कटकटीने त्याच्या डोक्याला हे झाले’ असे वॉर्डात सर्वांदेखत सुनावले. घरच्या कटकटीने मेंदूत गाठ होत नाही; ही गोष्ट आमच्या डॉक्टरांनी त्या नातलगांना तेथेच, आवाज न चढविता, पण स्पष्ट सांगितली. त्या दिवशी त्या बाई प्रथमच रडल्या, असे परिचारिकेने सांगितले.

भीतीवर उत्तम उतारा म्हणजे कृती ठाऊक असणे. फिट आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, कपडे सैल करावेत व घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा वा चप्पल हुंगविण्याने काहीही साधत नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला किंवा शुद्ध न येता पुन्हा आला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. एवढे शिकविल्यानंतर कित्येक सोबत्यांना रात्री थोडीफार झोप लागू लागते, हा आमच्या परिचारिकांचा अनुभव आहे.

८ जून हा जागतिक मेंदू-अर्बुद दिन म्हणून पाळला जातो. २००० साली जर्मनीतील एका संस्थेने ही प्रथा सुरू केली. त्या निमित्ताने आपल्याकडे सोबत्यांची बैठक घेतली जाते. त्यात भाषणे नसतात. एकमेकांना पाहून ‘आपल्याच घरी असे घडते असे नाही’ एवढे कळते, आणि कोणी कोणाला रात्रीपुरते बदली बसण्याचे कबूल करते.

पैशाची गोष्ट

देणगीदारांपुढे संकोच न करता लिहितो. दिलाशाचे कितीही शब्द सांगितले तरी पुढच्या हप्त्याची चिंता असलेल्या माणसास ते ऐकू येत नाहीत. धर्मादाय रुग्णालयांसाठी कलम ४१ कक खालील योजना मा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये निश्चित केली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही मेंदूच्या शस्त्रक्रिया व कर्करोगावरील उपचार अंतर्भूत आहेत. कर्करुग्णास व त्याच्या सोबत्यास रेल्वे भाड्यात सवलत मिळते. हे मागणे म्हणजे भीक नव्हे. परंतु शिधापत्रिका पिशवीत असूनही ती पुढे करावयास लाजणारी माणसे, आणि आठवडाभर कर्ज काढून झाल्यावर हळूच विचारणारी माणसे, आम्ही पाहतो. म्हणून दाखल होतानाच समाजसेविकेने प्रत्येकास, कपड्यांवरून अंदाज न बांधता, हीच माहिती द्यावी असा नियम केला आहे.

आणखी एक गोष्ट विश्वस्तांच्या विचारार्थ. यंत्रासाठी देणगी मिळते. त्यावर नावाची पाटी लावता येते. समुपदेशकाच्या वेतनासाठी मात्र क्वचितच कोणी धनादेश देतो, कारण पाटी लावणार कोठे? तरीही या विभागापुरते बोलावयाचे तर, एका पूर्णवेळ समुपदेशकाची आणि दार लावून बोलता येईल अशा एका खोलीची निकड मला नव्या यंत्राहून अधिक वाटते. आज ही संभाषणे जिन्याखालच्या बाकावर होतात आणि औषधाच्या रांगेतील लोक ती ऐकत असतात. काही संस्थांनी या कामाची वाट आधीच दाखविली आहे. परळ येथील नाना पालकर स्मृती समिती व दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांची व सोबत्यांची निवासाची सोय करतात; वांद्रे येथील शांती आवेदना सदन हे १९८६ साली सुरू झालेले देशातील पहिले शुश्रूषागृह अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांचा सांभाळ करते व त्याची शाखा गोव्यातही आहे.

रुग्ण गेल्यानंतर तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. पाहुणे परतले की खरी पोकळी जाणवते. रात्री दोनच्या गोळीला डोळा आपोआप उघडतो आणि गोळी द्यावयास कोणी नसते. म्हणून साधारण तीन आठवड्यांनी आमची समाजसेविका घरी दूरध्वनी करते. झोप, जेवण, मुलांची शाळा यांची विचारपूस होते. बहुतेकांना विमा वा निवृत्तिवेतनासाठी वैद्यकीय कागदपत्रे हवी असतात. त्यांच्या प्रती समाजसेवा विभागातून विनामूल्य दिल्या जातात, व त्यासाठी रुग्णाचा नोंदणी क्रमांक पुरेसा आहे.